कुत्रा चावला तर काय करायचे, आणि चावू नये म्हणून ग्रामपंचायतीला काय विचारायचे?

सकाळी शाळेला निघालेल्या पोरांच्या हातात काठी का असते, हे आपल्या वस्तीत कुणाला सांगावे लागत नाही. मासळी बाजाराच्या मागची गल्ली, चिकनच्या दुकानाजवळचा उकिरडा, बंदरावर जाळी झाडतात ती जागा, समुद्राकाठच्या हॉटेलांच्या मागे पडणारे खरकटे, या सगळीकडे कुत्र्यांचे टोळके ठरलेले असते. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात जा, चित्र हेच दिसेल.

या विषयावर दोन प्रकारची भांडणे होतात. एक म्हणतो, ‘विष घाला आणि संपवा.’ दुसरा म्हणतो, ‘मुका जीव आहे, राहू दे.’ या भांडणात दोन गोष्टी मागे पडतात. चावल्यावर पहिल्या तासात काय करायचे, हे घरात कुणाला माहीत नसते. आणि कुत्र्यांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी कायद्याने कुणावर टाकली आहे, हेही कुणी विचारत नाही. आज या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

आधी जीव वाचवा

रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. ते जखमेतून शिरतात आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. याला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षभरही. पाण्याची भीती, वाऱ्याच्या झुळुकीने येणारे झटके ही लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणे सुरू होण्याआधी योग्य उपचार झाले तर हा आजार टाळता येतो. म्हणून चावल्यानंतरचा वेळ फार मोलाचा.

पहिले काम घरातच करायचे. जखम नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटे धुवा. अंगाचा असो वा कपड्याचा, कुठलाही साबण चालेल. मग आयोडीनचे औषध असेल तर लावा. हळद, चुना, मिरचीची पूड, तेल, झाडपाला यातले काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका, टाकेही लगेच घालून घेऊ नका. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. आजीने मायेने हळद आणली तर तिचा हात प्रेमाने धरा, पण हळद लावू देऊ नका.

दुसरे काम लस. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पोटात चौदा सुया घेण्याची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात बंद होऊन वीस वर्षे झाली. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत छोट्या सुया देतात. चार खेपा कराव्या लागतात: पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. पहिला दिवस हा ‘शून्य’ धरून मोजतात. दंडात खोल इंजेक्शन देत असतील तर चौदाव्या दिवसाची एक खेप वाढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही ही लस सुरक्षित आहे.

तिसरे काम जखम कशी आहे ते नीट सांगणे. कातडीवर नुसते चाटले आणि कातडी अखंड असेल तर धुणे पुरे. रक्त न येता ओरखडा उमटला असेल तर लस हवी. दात घुसून रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीसोबत ‘इम्युनोग्लोब्युलिन’ नावाचे औषध जखमेत आणि जखमेभोवती टोचावे लागते. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. तिथे नसेल तर पहिली लस घेऊन, कागद लिहून घेऊन, मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा. पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आत ते घेता येते. पण जितके लवकर घ्याल तितके बरे.

‘कुत्रा दहा दिवस बघू, मेला तर जाऊ’ असे म्हणत बसू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस त्याच दिवशी सुरू करा. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा चावला तरी दवाखान्यात जायचेच.

आपल्याकडे अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या खेपेला. मिनिडोअरचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब होतो, जखम भरलेली दिसते, आणि शेवटची सुई राहून जाते. जखम वरून भरली म्हणजे धोका टळला असे नाही. एखादी तारीख चुकली तर घाबरून सोडून देऊ नका, लगेच जाऊन पुढचा डोस घ्या. लसीचे कार्ड रेशनकार्डासोबत जपून ठेवा. पूर्ण लस झालेल्या माणसाला पुढे पुन्हा कुत्रा चावला तर दोनच डोस लागतात.

आणखी एक गोष्ट. जगभरात संशयित कुत्रे चावलेल्या दर दहा जणांत साधारण चार जण पंधरा वर्षांखालची मुले असतात. मुले मार बसेल म्हणून चावल्याचे लपवतात. ‘चावला तर सांग, कुणी रागावणार नाही’ हे वाक्य आजच घरात बोलून ठेवा.

नियम काय म्हणतो?

‘कुत्र्यांना कायदा आहे, आमच्या पोरांना नाही का?’ हा प्रश्न संतापाने विचारला जातो. ज्या जिल्ह्यात जनावरांना तळ्याचे पाणी मोकळे होते आणि माणसाला बंद होते, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हा संताप समजतो. पण नियम नीट वाचला तर तो कुत्र्याचा जसा आहे तसाच पोरांचाही आहे.

प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली २००१ साली श्वान जन्म-नियंत्रणाचे नियम आले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. त्यांचे सार असे: भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करणे ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. शहरात ती नगरपरिषदेची, गावात ग्रामपंचायतीची. कुत्रा पकडायचा, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची, ओळख म्हणून कानाला खाच पाडायची, नोंद ठेवायची आणि जिथून आणला तिथेच सोडायचा.

तिथेच का सोडायचा? कारण उकिरडा तसाच राहिला आणि कुत्रे तेवढे मारले, तर रिकाम्या जागी बाहेरचे कुत्रे येतात. ते लस न दिलेले असतात आणि त्यांची पिल्लावळ वाढतच राहते. लस दिलेला, नसबंदी झालेला कुत्रा मात्र आपल्या हद्दीत नव्याला सहज येऊ देत नाही. साधारण शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हेच केले. दारोदार जाऊन आणि रस्त्यावर जाळ्यांनी पकडून कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांत मुलांना शिकवले, संशयित जनावरांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली. पिसाळलेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र परत सोडायचे नाहीत, आणि खायला घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायच्या, वाटेल तिथे रस्त्यावर घालायचे नाही, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, एसटी स्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असे म्हटले. म्हणजे आपल्या शाळेच्या आवारात कुत्री फिरत असतील तर तक्रार करायला आधार आहे.

पाळणाऱ्यांनाही नियम आहे. पाळीव कुत्र्याची लस, जंताचे औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली रेबीजची लस, मग पशुवैद्यक सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षी एक. त्यासाठी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आपले जनावर निष्काळजीपणे मोकळे सोडून माणसाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पाळलेला कुत्रा किनाऱ्यावर सोडून पळणे हाही गुन्हाच. आणि विष घालणे? कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय विषाचा तुकडा कुत्राच खाईल, रांगते पोर उचलणार नाही, याची हमी कोण देणार? पहिले शील रोज म्हणणाऱ्या घराला याहून जास्त सांगायला नको.

ठराव आणि पाऊल

महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला होता. पाणी मात्र तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागे माणसे चालत गेली तेव्हा ओंजळीत आले. कागदावरच्या ठरावाला पाय लागतात, हा धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे.

म्हणून ग्रामसभेत चार प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. गावात गेल्या वर्षभरात किती कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले? ते काम कुणाला दिले आहे? शाळेच्या आवाराला कुंपण आहे का? आणि चौथा प्रश्न आपल्या वस्तीसाठी सर्वांत महत्त्वाचा: गावाचा कचरा आणि मासळी-कोंबडीची घाण कुठे पडते? ती वस्तीच्या टोकाला पडत असेल तर कुत्रेही तिथेच जमणार आणि चावाही आपल्याच पोरांना बसणार. ‘छोट्या पंचायतीला हे झेपत नाही’ असे उत्तर आले तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे एकत्रित मोहिमेची मागणी करण्याचा ठराव मागा. उत्तरच आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ आहेत. तीस दिवसांत माहिती द्यावीच लागते.

आपल्या हातातले काम आपणही करू. खरकटे उघड्यावर टाकू नये. सुकत घातलेल्या मासळीवर जाळी घालावी. पिलांजवळच्या कुत्रीला, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला छेडू नये, अंगावर आला तर पळू नये, हे मुलांना शिकवावे.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. तो वर्षावासाच्या काळातच येतो. त्या संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास काढा. आरोग्य सेविका किंवा आशाताईंना बोलवा आणि पंधरा मिनिटे जखम धुणे म्हणजे किती वेळ, हे घड्याळ लावून मुलांना दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्याच बैठकीत ग्रामसभेच्या अर्जावर सह्या घेऊन टाका.