चुकीच्या आकड्यापेक्षा थांबलेला प्रोग्रॅम बरा

समजा, नागपूर जिल्ह्यातील कुही येथील एखादा मिरचीचा अडत्या दिवसभराच्या वजनांची बेरीज संगणकावर ठेवतो. या बेरजेसाठी प्रोग्रॅममध्ये १६ बिटांचीच जागा राखलेली असेल, तर तीत ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. पुढचा एक किलो मिळवताच बेरीज उणे ३२,७६८ होऊ शकते. असा आकडा हिशेबात शिरला, तर शेतकऱ्याच्या चुकाऱ्यात घोळ अटळ. म्हणून जाणकार प्रोग्रॅमर अट घालतो : आकडा मर्यादेबाहेर जाताच प्रोग्रॅम तत्क्षणी थांबावा.

ही अट प्रोसेसरच्या भाषेत उतरविण्याचे काम कंपायलरचे. इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांसाठी जीसीसी आणि एलएलव्हीएम हे मुक्त कंपायलर येथे ‘यूडी२’ ही अवघ्या २ बाइटांची सूचना लिहितात. ती हेतुपुरस्सर अवैध ठरविलेली आहे. ती समोर येताच प्रोसेसर पुढे जाण्यास नकार देतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोग्रॅम बंद करते.

खरी मेख पुढेच आहे. ‘येथून पुढे काही चालणार नाही’ असे कळले, की कंपायलर पुढचा कोड निरुपयोगी समजून गाळतो. या काटछाटीत थांबण्याची सूचनाच गळाली, तर प्रोसेसर न थांबता मेमरीत शेजारी असलेल्या भलत्याच फंक्शनमध्ये शिरू शकतो.

त्यासाठी कंपायलरचीच चाचणी घेतली जाते. त्याला एक छोटा नमुना प्रोग्रॅम देतात आणि तो न चालविता, तयार झालेला कोड तपासतात. एलएलव्हीएममध्ये ‘फाइलचेक’ हे साधन अपेक्षित सूचना अपेक्षित जागी आहे की नाही, हे पाहते. प्रोसेसरागणिक उत्तर बदलते; ६४ बिटांच्या एआरएमवर ‘बीआरके’ ही सूचना अपेक्षित असते.

कंपायलरच्या अंतरंगाचा असा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने २०११ व २०१२ साली जीसीसीवर कार्यशाळा झाल्या. कुहीतील विद्यार्थ्यालाही ही परीक्षा घरी घेता येईल. जीसीसी विनामूल्य मिळतो. सी भाषेतील छोट्या प्रोग्रॅममध्ये त्याचे ‘बिल्टइन ट्रॅप’ वापरावे, कंपायलरला कॅपिटल ‘एस’ हा पर्याय द्यावा आणि मिळालेल्या असेंब्ली कोडमध्ये ‘यूडी२’ शोधावे.