दुसरी कंपनी घेतली, पुढे काय झालं?

प्रतिस्पर्धी विमान कंपनी विकत घेतली की विमानांसोबत गजबजलेल्या विमानतळांवरच्या उड्डाणवेळा आणि प्रशिक्षित वैमानिकही मिळतात. तिचा तोटाही पदरात पडतो.

जेट–सहारा : मुंबईच्या जेट एअरवेजने 2007 मध्ये एअर सहारा 1,450 कोटी रुपयांना घेतली आणि तिचं ‘जेटलाइट’ केलं. एप्रिल 2019 मध्ये जेटची सेवाच थांबली.

किंगफिशर–डेक्कन : परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा देशांतर्गत सेवेची 5 वर्षं आणि 20 विमानं अशी अट होती. किंगफिशर सुरू झाली 2005 मध्ये, एअर डेक्कन 2003 मध्ये. डेक्कन हाती आल्याने तिची 5 वर्षं धरली गेली आणि सप्टेंबर 2008 मध्येच किंगफिशरचं विमान बंगळूरुहून लंडनला झेपावलं. मात्र डेक्कनची स्वस्त तिकिटं आणि किंगफिशरची चैनीची सेवा यांचा मेळ बसला नाही, कर्ज वाढत गेलं. ऑक्टोबर 2012 मध्ये परवाना निलंबित झाला.

एअर इंडिया–विस्तारा : दोन्हींची सूत्रं टाटा समूहाकडेच होती. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विलीनीकरण झालं. विस्तारातली भागीदार सिंगापूर एअरलाइन्स आता एअर इंडियात 25.1 टक्क्यांची मालक आहे.