जुना संगणक सुधारावा कीं तयार नवा आणावा?

घरांतील मुलगा एके दिवशीं वडिलांपुढें असा प्रस्ताव मांडतो कीं, आपला संगणक आतां निकामी झाला असून दुकानांत खास खेळांसाठीं जोडलेला तयार संगणक मिळतो, तो घ्यावा. शहरांतील पुष्कळ कुटुंबांस हा प्रसंग परिचयाचा आहे. मुलाच्या बोलण्यांतील निम्मे शब्द वडिलांस कळत नाहींत, दुकानदाराच्या बोलण्यांतील त्याहून कमी कळतात, आणि किंमत तेवढी स्वच्छ कळते. ती कित्येक घरीं दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी असते. मग एक तर "आधीं अभ्यास" असें म्हणून विषय मिटविला जातो, नाहीं तर कटकट नको म्हणून मुकाट्यानें पैसे मोजले जातात. पहिल्या तऱ्हेंत मुलाचें गाऱ्हाणें खरें होतें कीं खोटें हें कळतच नाहीं. दुसरींत एखादा लहानसा भाग बदलून जें काम झालें असतें त्यापायीं पाऊण लाख रुपये जाण्याचा संभव असतो. निर्णय कोणताहि होवो, तो यंत्र उघडून पाहिल्यानंतर व्हावा.

संगणकावरील खेळ म्हणजे सेकंदास साठ किंवा त्याहून अधिक चित्रें डोळ्यांपुढून सरकविण्याचा उद्योग. साठ चित्रें म्हटलीं म्हणजे एका चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधींत दोन कामें उरकावीं लागतात. कोण कोठें उभा आहे, गोळी कोणास लागली, भिंत पडली कीं उभी राहिली, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबाबरहुकूम पडद्यावरचा एकेक ठिपका रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. लग्नाच्या पंगतीची उपमा येथें चांगली लागू पडते. प्रोसेसर हा आचारी आणि कार्ड हा वाढपी. जिलब्या तळून तयार असून पानें रिकामीं दिसत असतील तर वाढपी अपुरे आहेत. वाढपी रिकामें ताट घेऊन मुदपाकखान्याच्या दारांत तिष्ठत असतील तर दोष आचाऱ्याचा, आणि तेथें आणखी दहा वाढपी नेमून पंगत लवकर उठत नाहीं. संगणक मंद झाला म्हणजे सरसकट महागडें कार्ड आणणारे लोक नेमके हेंच करतात.

दोष कोणाचा हें ठरविण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. मुलास नेहमींचा खेळ सुरू करण्यास सांगावें, सेकंदास किती चित्रें पडतात तो आंकडा पडद्याच्या कोपऱ्यांत दिसेल अशी व्यवस्था करावी, आणि मग रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खालीं आणावें. १९२० बाय १०८० वर २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. १२८० बाय ७२० वर आणलें कीं ते ९,२१,६०० होतात. म्हणजे पानें निम्म्याहून लहान झालीं. वाढप्याचें काम हलकें झालें, आचाऱ्याचें मात्र होतें तेवढेंच राहिलें. आंकडा भराभर वाढला तर कार्ड थकलें होतें. जागच्या जागीं राहिला तर प्रोसेसर थकला आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत पुष्कळदां दुसरा प्रकार आढळतो, सायबरपंक २०७७ सारख्या देखण्या खेळांत पहिला. म्हणून मुलगा कोणता खेळ खेळतो हें विचारणें अगत्याचें. वडिलांनीं हा प्रयोग मुलाशेजारीं बसून करावा; तासाभरांत दोघांच्या बोलण्यास एक समान पाया मिळतो, हा लाभ कांहीं लहान नाहीं.

कांहीं वेळां दोघेहि निर्दोष असतात. तीन-चार वर्षें न उघडलेल्या कॅबिनेटांत धूळ साचून पंखे गुदमरतात, यंत्र तापतें आणि स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करतें. ब्रश, ब्लोअर आणि थोडी थर्मल पेस्ट एवढ्यावर हें भागतें. रॅम ८ जीबी असेल तर ती आजच्या मोठ्या खेळांस अपुरी पडते. एकच पट्टी असल्यास तिच्या जोडीला तशीच दुसरी बसविल्यानें सांठाहि वाढतो आणि दोन वाटांनीं ये-जा सुरू झाल्यानें वेगहि. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणें हा तर ताबडतोब जाणवणारा उपाय. तबकडी सेकंदास दीडशें-दोनशें एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपांचशेंच्या आसपास. विखुरलेली माहिती गोळा करतांना हें अंतर याहूनहि पुष्कळ वाढतें. सायबरपंकच्या निर्मात्यांनीं २०२३ सालीं आपल्या किमान गरजांतून हार्ड डिस्कचें नांवच काढून टाकलें.

खरी गोम मदरबोर्डांत आहे. २०१८ सालीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (या रस्त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर यांचें नांव दिलेलें आहे, परंतु संगणक घेणाऱ्याच्या तोंडीं जुनेंच नांव बसलें आहे) शेजारशेजारच्या दोन दुकानांतून दोन कुटुंबांनीं संगणक जोडून घेतले असें समजावें. एकांत इंटेलचा कोर आय-५ ८४०० हा प्रोसेसर बसला, दुसऱ्यांत एएमडीचा रायझेन ५ २६०० आणि बी-४५० जातीचा बोर्ड. दोघांतहि कार्ड एकच, एनव्हिडियाचें जीटीएक्स १०६०. त्या दिवशीं दोन्ही यंत्रें जवळजवळ तोलास तोल होतीं. आज त्यांची कुंडली अगदीं निराळी आहे. इंटेलच्या त्या बोर्डावर नवव्या पिढीपलीकडचा प्रोसेसर बसत नाहीं. २०२० सालीं दहाव्या पिढीबरोबर कंपनीनें खोबणच बदलली, २०२१ सालीं पुन्हां बदलली, आणि २०२४ सालीं तिसऱ्यांदा. एएमडीची एएम-४ ही खोबण मात्र टिकली. बायोस अद्ययावत केल्यावर २०१८ च्या त्याच बोर्डावर २०२२ सालचा रायझेन ५ ५६०० बसतो. इतकेंच नव्हे, तर त्याच वर्षीं निघालेला, ९६ एमबी कॅश असलेला ५८००एक्स-३डी हाहि बसतो, आणि तो कोठें मिळाल्यास खेळांपुरती पुढील कित्येक वर्षांची चिंता मिटते. बायोसचें काम जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच उरकावें लागतें. तो आधींच काढून ठेवला, तर नवा बसवूनहि यंत्र सुरू होत नाहीं आणि हात चोळीत दुकान गांठावें लागतें.

तेव्हां दुसऱ्या कुटुंबाचा निर्णय सोपा आहे. रॅम, कॅबिनेट, पडदा जागच्या जागीं ठेवून एक प्रोसेसर आणि लागल्यास एक कार्ड बदललें कीं काम झालें. पहिल्या कुटुंबाचें कार्डच थकलें असेल तर त्यानेंहि तेवढें बदलून पाहावें. परंतु प्रोसेसर थकला असेल तर नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड. आणि नवा बोर्ड एएम-५ चा किंवा इंटेलच्या २०२४ च्या खोबणीचा असेल तर रॅमहि नवी, कारण तेथें डीडीआर-५ लागते आणि डीडीआर-४ ची पट्टी त्या खांचेंत बसतच नाहीं. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असे तिन्ही भाग बदलले म्हणजे जुन्यापैकीं पत्र्याची पेटी आणि तारा तेवढ्या उरतात. याला सुधारणा म्हणणें म्हणजे पडक्या वाड्याचा दिंडीदरवाजा ठेवून आंत नवें घर बांधण्यापैकीं होय. येथें तयार संगणकाचा विचार अवश्य करावा.

२०१७ पूर्वींच्या यंत्रांचा प्रश्न वेगळ्याच कारणानें निकालांत निघतो. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती ग्राहकांस सुरक्षेपुरती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली एवढेंच. विंडोज ११ ला इंटेलची सामान्यतः आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतें. अशा यंत्रांत नवें महाग कार्ड घालूं नये.

कार्डाकडे वळतांना जीटीएक्स १०६० ची सेवा मान्य केली पाहिजे. २०१६ सालीं निघालेल्या या कार्डानें लाखों घरांत आठ-नऊ वर्षें इमानें काम केलें. तथापि रे ट्रेसिंगची यंत्रणा त्यांत नाहीं, आणि डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स किंवा मे २०२५ मधील डूम हे खेळ त्या यंत्रणेवांचून चालतच नाहींत. एनव्हिडियानेंहि ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणें थांबविलें. बदल करावयाचा तर आधीं एसएमपीएस पाहावा. आपल्याकडे स्वस्त कॅबिनेटाबरोबर जो "४५० वॉट"चा एसएमपीएस जवळजवळ फुकट येतो, त्यावरील आंकडा हा पुष्कळदां मनोरथच असतो. जुनें कार्ड १२० वॉट घेतें, नवें आरटीएक्स ५०६० हें १४५. फरक थोडा दिसतो, पण सात वर्षें जुन्या सुमार एसएमपीएसवर तोहि टाकूं नये. घरोघरीं असलेला ६०० व्हीएचा यूपीएस सुमारें ३६० वॉटच पेलतो, हेंहि ध्यानांत असावें. दुसरें असें कीं, २०२२ सालच्या आरएक्स ६५०० एक्सटी सारखीं कांहीं स्वस्त कार्डें बोर्डाशीं चारच वाटांनीं बोलतात. जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर तीं अडखळतात. अशीं कार्डें जुन्या संगणकासाठीं म्हणूनच विकलीं जातात, हें विशेष.

आतां तयार संगणक. त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. हमी एकाच ठिकाणची, विंडोजचा परवाना बहुधा किंमतींतच, आणि कांहीं बिघडलें तर बोर्डवाला रॅमवाल्याकडे आणि रॅमवाला एसएमपीएसवाल्याकडे बोट दाखवीत नाहीं. परंतु जाहिरातींत प्रोसेसर आणि कार्ड यांचीं नांवें ठळक छापलेलीं असतात, आणि बोर्ड, एसएमपीएस व रॅमच्या पट्ट्या यांविषयीं मौन असतें. काटकसर झालेली असते ती तेथेंच. कित्येक मोठ्या कंपन्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्याच मापाचे असतात. पुढें एक भाग बदलण्याची वेळ आली कीं बाजारांतील कोणताहि भाग त्यांत बसत नाहीं. याहून वाईट तऱ्हा म्हणजे रंगीबेरंगी दिव्यांच्या कांचेच्या पेटींत नुसता "आय-७" एवढाच शब्द लिहून विकलेला संगणक. पिढी सांगितल्याशिवाय आय-७ या शब्दास कांहींच अर्थ नाहीं. २०११ सालीं निघालेल्या दुसऱ्या पिढीचाहि आय-७ च असे. वरून कीर्तन आंतून तमाशा, असा हा प्रकार.

किंमतीची तुलना करण्याची रीत सरळ आहे. तयार संगणकांतील प्रत्येक भागाचें नांव मागून घ्यावें, त्याच भागांची सुटी किंमत १८ टक्के जीएसटीसह मांडावी आणि बेरीज पाहावी. एरव्हीं सुटे भाग घेऊन दुकानांतच असेंबल करून घेणें बहुधा स्वस्त पडतें. परंतु एखाद्या भागाची टंचाई झाली कीं पारडें फिरतें, कारण मोठ्या कंपन्यांनीं माल आधींच्या भावानें उचललेला असतो. २०२१ सालीं इथेरियमचें नाणें पाडणाऱ्यांनीं ग्राफिक्स कार्डें पळविलीं, तेव्हां रास्त भावांत कार्ड मिळण्याचा एक मार्ग म्हणजे तें आंत बसविलेला संगणकच विकत घेणें हा होता. सप्टेंबर २०२२ मध्यें ती पद्धति बंद झाल्यावर हींच कार्डें जुन्या बाजारांत ढिगानें आलीं. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनीं मेमरीचा असाच फडशा पाडला. रॅमचे भाव झपाट्यानें चढले आणि डिसेंबरांत मायक्रॉननें आपला क्रूशल हा घरगुती ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. अशा दिवसांत पेटींत असलेली १६ जीबी डीडीआर-४ ही मालमत्ताच समजावी. ती टाकून देण्यास भाग पाडणारा व्यवहार दहा वेळां तपासावा.

व्यवहार कोणताहि ठरला तरी बिल घेतल्याशिवाय दुकानांतून उठूं नये, आणि त्या बिलावर "संगणक, नग १" एवढेंच नसावें. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड आणि एसएमपीएस यांचीं पूर्ण नांवें, प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत स्वतंत्र लिहून घ्यावी, कारण सुट्या भागांची हमी कोठें तीन तर कोठें पांच वर्षांची असते आणि अख्ख्या संगणकाची पुष्कळदां एकच वर्षाची. रिकामे खोके दुकानदार ठेवून घेऊं म्हणेल. ते घरीं आणून माळ्यावर टाकावे. जुनें कार्ड विकण्यापूर्वीं चालू स्थितींत गिऱ्हाइकास दाखवावें, आणि जुनी हार्ड डिस्क मात्र कोरी केल्यावांचून कोणासहि देऊं नये. तींत घरच्या लग्नकार्यांचीं छायाचित्रें आणि बँकेचे कागद असतात.