गाण्यांनी तारलेले विद्यापीठ

शिक्षणसंस्था आर्थिक संकटात सापडली की ती अनुदानाकडे वा देणगीदारांकडे पाहते. अमेरिकेतील नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाने मात्र १८७१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या कंठाचा आधार घेतला. त्यातून जन्मलेला 'फिस्क ज्युबिली सिंगर्स' हा गानवृंद दीडशे वर्षे उलटल्यानंतरही गातो आहे.

यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी ही संस्था सुरू झाली. लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींत वर्ग भरत. पाच वर्षांतच तिजोरीत खडखडाट झाला. तेव्हा खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांसह दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक जण गुलाम म्हणूनच जन्मले होते.

सुरुवातीचा प्रतिसाद बेताचाच होता. वर्णामुळे हॉटेलांत जागा नाकारली जाई. तरीही सिनसिनाटीतील कार्यक्रमाचे जेमतेम उत्पन्न त्यांनी शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकले.

गोऱ्या श्रोत्यांना ओळखीची गाणी ऐकवणाऱ्या या वृंदाचे भाग्य पालटले ते 'स्पिरिच्युअल्स'मुळे. गुलामांची ही भक्तिगीते म्हणजे वाडवडिलांच्या वेदनेचा खासगी ठेवा. ती परक्यांपुढे गाण्यास हे तरुण कचरत. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत. अशा वातावरणात ही गीते गंभीरपणे सादर करणे हाच स्वाभिमानाचा उच्चार ठरला.

आपल्या समूहगानात सारे बहुधा एकच चाल गातात. येथे मात्र स्त्री-पुरुषांचे उंच व खर्जातील आवाज एकाच वेळी भिन्न स्वर लावतात आणि त्यांतून एकसंध स्वरमेळ उभा राहतो. तोही बहुतांशी वाद्यांविना.

१८७२ मध्ये हा वृंद व्हाइट हाउसमध्ये गायला. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोर. दौऱ्यांच्या मिळकतीतून 'ज्युबिली हॉल' उभा राहिला आणि १८७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. याची किंमतही मोजावी लागली. अखंड प्रवासाने अनेकांची प्रकृती ढासळली आणि १८७८ मध्ये मूळ वृंद विसर्जित झाला.

वर्षभरातच तो पुन्हा उभा राहिला. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांनी १८८४ ते १८९० या काळात आपल्या पथकासह जगप्रवास केला. त्यात भारतही होता. विद्यापीठाच्या गायक-चौकडीने १९०९ मध्ये ध्वनिमुद्रण केले. २०२१ मध्ये वृंदाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या वृंदातील गायक आजही विद्यापीठाचे विद्यार्थीच असतात. शिक्षण संपले की ते बाहेर पडतात, नवे येतात. गाणी मात्र तीच राहतात.