विश्लेषण : बायोमेडिकल इंजिनीअरिंग सरकारी संस्थेतून शिकावे का? प्रवेश, अभ्यास आणि नोकरीचे वास्तव काय?

अभियांत्रिकी प्रवेशाचे पर्याय भरताना कॉम्प्युटर आणि आयटीच्या गर्दीत ‘बायोमेडिकल’ हे नाव अनेकांच्या नजरेतून सुटते. ज्यांना दिसते, त्यांचाही गोंधळ उडतो. ही शाखा डॉक्टरकीच्या जवळची की इलेक्ट्रॉनिक्सच्या? फी परवडणाऱ्या सरकारी संस्थेत ती कुठे मिळते आणि पुढे काय?

नेमके काय शिकवतात?

ही वैद्यकीय पदवी नाही आणि बायोटेक्नॉलॉजीही नाही. रुग्णालयातील यंत्रे तयार करणे, तपासणे आणि चालू ठेवणे, हा तिचा गाभा. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राबरोबर इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, सिग्नल प्रोसेसिंग आणि प्रतिमातंत्र असे विषय असतात. ईसीजीचेच उदाहरण घ्या. हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवर जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो आणि भोवतीच्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर त्यात मिसळते. ती वगळून फक्त हृदयाचा संकेत मोठा करायचा, तर गणित आणि सर्किट पक्के हवे. म्हणूनच गणिताचा कंटाळा असलेल्यांसाठी ही पळवाट नाही.

प्रवेश कसा मिळतो?

महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट लागतो. केवळ पीसीबी दिलेल्यांना या मार्गाने येता येत नाही. राज्यात ही शाखा चालवणारी महाविद्यालये मोजकी आणि मुख्यत्वे खासगी आहेत. त्यामुळे सरकारी पर्याय शोधणाऱ्यांना राज्याबाहेर पाहावे लागते. राउरकेला आणि रायपूर येथील एनआयटींमध्ये जेईई मेनवर, तर आयआयटी हैदराबादमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर बीटेकला प्रवेश मिळतो. एनआयटीतील निम्म्या जागा इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. चेन्नईचे अण्णा विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथेही ही पदवी आहे, मात्र तेथे त्या त्या राज्याचे नियम आणि स्थानिकांना प्राधान्य असते.

या अभियंत्यांची गरज किती?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने केलेल्या मोजणीत २९ हजार ११५ आरोग्य केंद्रांत साडेसात लाखांहून अधिक उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४ हजार ५६४ कोटी रुपये होती. वेगवेगळ्या राज्यांत त्यातील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. जिल्हा रुग्णालयातले यंत्र बंद असले, की गरीब रुग्णाला खासगी केंद्रात पैसे मोजावे लागतात किंवा तपासणीच राहून जाते. यावर उपाय म्हणून २०१५मध्ये देखभाल कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू ठेवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

नोकरीचे चित्र काय?

रुग्णालयांचे उपकरण विभाग, यंत्रकंपन्यांची सेवा व विक्री, गुणवत्ता तपासणी आणि परवाना-नियमन ही मुख्य क्षेत्रे. एप्रिल २०२०पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आल्याने नियम जाणणाऱ्यांचे काम वाढले. सुरुवातीच्या नोकऱ्यांत फिरती बरीच असते आणि पगार सॉफ्टवेअरच्या तुलनेत कमी असू शकतो. अनेक जण शेवटी आयटीकडे वळतात, हेही खरे.

उच्च शिक्षणाचा मार्ग?

‘गेट’ परीक्षेत २०२०पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत एमटेक करता येते. तेथील ‘बेटिक’ या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते मिळून उपकरणे घडवतात. अशा एकत्र कामाचे जुने उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेचे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप १९९०मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली.

पर्याय भरण्यापूर्वी काय पाहावे?

संस्थेचा रुग्णालयाशी प्रत्यक्ष करार आहे का, इंटर्नशिप किती आठवड्यांची, प्रयोगशाळेत चालू स्थितीतील यंत्रे आहेत का आणि मागील तुकडीतील किती जण याच क्षेत्रात गेले, हे विचारावे. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांशी बोलल्यास माहितीपत्रकापेक्षा नेमकी उत्तरे मिळतात.