शेवटचा हप्ता आणि पदवीचा कागद

बँकेच्या शेतीकर्ज विभागात ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कर्ज फिटणे वेगळे आणि बोजा उतरणे वेगळे. माझ्या नोकरीच्या काळात शेतकरी शेवटचा हप्ता भरायचा, पावतीची घडी खिशात घालायचा आणि समाधानाने घरी जायचा. पण बेबाकी दाखला घेऊन तो तलाठ्याकडे गेला नाही, फेरफार झाला नाही, तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव तसेच राहायचे. पुढे मुलीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकायला काढला की तो जुना बोजा आडवा यायचा. पैसे फिटलेले, पण कागद अडलेला!

एम.ए.च्या पदवीचेही नेमके असेच आहे. पदवी परीक्षेने मिळते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज. पेपर दिले, निकाल लागला, पेढे वाटले. पण ज्या एम.ए.मध्ये इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य, अर्थशास्त्र असे अनेक विषय एकत्र नांदतात, तिथे पेपर हा हिशेबाचा एक भाग झाला. स्वाध्याय, क्षेत्रकार्य आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला प्रबंध, एवढे सगळे जमेला धरले जाते. ‘माझं एम.ए. झालंच होतं हो, फक्त प्रकल्प तेवढा राहिला,’ असे सांगणारी एक तरी व्यक्ती आपल्या नात्यात असतेच. बहुतेक वेळा ती बाईच असते.

ही मिश्र विषयांची पदवी आजची नाही. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली प्रामुख्याने शाळामास्तरांसाठी अशी एम.ए. सुरू केली. नोकरी सांभाळून शिकायचे, एकाच विषयाच्या विहिरीत न उतरता चार विहिरींचे पाणी चाखायचे, अशी ती कल्पना. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले आणि घरी बसून शिकण्याची दारे उघडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषयांमधल्या भिंती आणखी खाली आणल्या. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना जो आराखडा लागू झाला, त्यात दोन वर्षांच्या एम.ए.साठी किमान ८० आणि कमाल ८८ श्रेयांक आहेत. संशोधन पद्धतीला ४, क्षेत्रप्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षणाला ४, तिसऱ्या सत्रातील संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रातील प्रकल्पाला ६. म्हणजे जवळपास एक पंचमांश पदवी वर्गाबाहेर आणि पुस्तकाबाहेर मिळवायची असते.

मला गंमत वाटली ती २०२१ साली निघालेल्या श्रेयांकांच्या बँकेची. विद्यार्थ्याचे खाते, त्यात मिळवलेल्या श्रेयांकांची जमा आणि पदवी घेताना तेवढ्याची वजावट! खातेदाराने स्वतः भरणा करायचा नाही, तो शिक्षणसंस्थेनेच करायचा. आणि ठेवीला मुदत आहे, ती जास्तीत जास्त सात वर्षांची. बाळंतपण, बदली, सासूबाईंचे आजारपण यामुळे अभ्यास थांबला तरी केलेले काम वाया जात नाही, ही मोठीच सोय. पण सात वर्षे म्हणजे काही कायमची ठेव नव्हे. थांबणाऱ्याने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

राहिलेली पूर्तता किती चिवटपणे करावी लागते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ वर्ग घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. बेरीज होते साठ! १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंधिका लिहून ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जातीची उकल करतो, ही मिश्र अभ्यासाचीच करामत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पीएच.डी.चा त्यांचा प्रबंध १९१७ साली मान्य झाला. छापील प्रती सादर झाल्याशिवाय पदवी मात्र मिळणार नव्हती. छपाईला पैसे लागतात. मधल्या काळात शिष्यवृत्तीची मुदत संपली, सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले आणि पुस्तके, कागद त्याबरोबर गेले. मुंबईत प्राध्यापकी केली, ‘मूकनायक’ काढला, पुन्हा लंडनला जाऊन तिथल्या पदव्या मिळवल्या. अखेर १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथ छापून निघाला आणि १९२७ साली कोलंबियाची पदवी हाती आली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला होता. एवढ्या धामधुमीतही त्या माणसाने राहिलेली पूर्तता सोडून दिली नाही. मध्ये दहा वर्षे गेली!

आता ‘प्रबंधाला विषय काय घेऊ?’ हा नेहमीचा प्रश्न. बुलढाणा जिल्ह्यातील, सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा घ्या. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. मुबारिझ खान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली, ती १९४८ पर्यंत टिकली. विजयाची आठवण म्हणून निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. लोकांनी मात्र साखर सोडली नाही. फर्मान निघूनही जुने नाव जिभेवर का टिकते, हा प्रश्न इतिहासाचा की भाषेचा?

पुढे चला. १८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १९०२ साली ते वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडाने कायमचे पट्ट्यावर दिले. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला हे एका अख्ख्या प्रांताचे गहाणखत वाटते. हे अर्थशास्त्र झाले. याच जिल्ह्यात, थोड्या अंतरावर लोणार आहे. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. काठाशी कमळजा देवी, गावात दैत्यसूदन आणि लोकांच्या तोंडी लवणासुराची कथा. भूविज्ञान, जीवशास्त्र आणि पुराण एकाच पायवाटेवर भेटतात. साखरखेर्ड्यात राहणाऱ्या मुलीला मिश्र विषयांचे एम.ए. करायला परमुलखाच्या ग्रंथालयाइतकीच स्वतःची गल्ली उपयोगी पडेल.

मग घोडे अडते कुठे? माझ्या मते ते घरात अडते. पेपरची तारीख ठरलेली असते, म्हणून घरही तेवढ्यापुरते सांभाळून घेते. ‘परीक्षा आहे गं तिची,’ असे म्हणत सासूबाई पोळ्या लाटतात. प्रकल्पाला अशी तारीख घराला दिसत नाही. सून वही घेऊन शेजारच्या आळीत ओव्या लिहून घ्यायला निघाली, तर ती अभ्यासाला निघाली असे कुणालाच वाटत नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तासांचे काम धरले आहे. हे तास कुठून यायचे, याचा हिशेब प्रवेश घेतानाच घरातल्या सगळ्यांनी बसून मांडायला हवा. आठवड्यातली एक दुपार प्रकल्पाची, त्या दुपारी पाहुणा आला तरी चहा दुसऱ्याने करायचा. एवढा साधा नियम पाळला तरी पुष्कळ पदव्या पुऱ्या होतील.

आणि यात फक्त तिचे हित आहे असे समजू नका. लढाईचा इतिहास दरबारच्या लेखणीने लिहून ठेवला आहे. पण दुष्काळात गावाने काय खाल्ले, सावकाराकडे काय गहाण पडले, कापसाच्या वेचणीला बायका कोणती गाणी म्हणत, हे कोण लिहिणार? ते ज्यांना ठाऊक आहे, त्या म्हाताऱ्या आज ओसरीवर बसलेल्या आहेत. श्रेयांकाच्या ठेवीला निदान सात वर्षांची मुदत आहे. त्या म्हातारीच्या आठवणीला तेवढीही नाही. म्हणून घरातल्या कुणाचा प्रकल्प राहिला असेल, तर या रविवारी तिला एवढेच विचारा, ‘वही कुठं आहे गं?’