संसार चौदा महिन्यांचा, हिशेब कसा मांडायचा?

अल्पकाळात मोडलेल्या लग्नात दागिने, फ्लॅट आणि पोटगी यांचे काय होते? कायदा नेमके काय सांगतो आणि घरच्यांचे गैरसमज कोणते?

लग्नाचा अल्बम अजून सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाला नव्हता, तोच मुलगी दोन सुटकेस घेऊन माहेरी परतली. शेजारच्या काकूंना सांगितले, ‘चार दिवस विश्रांतीला आली आहे.’ चार दिवसांचे दोन महिने झाले, तेव्हा काकूंनीही विचारणे सोडले.

हे एक नमुन्यादाखल उदाहरण आहे, पण अनेक घरांना ते ओळखीचे वाटेल. मुलगी इंदूरच्या मराठी कुटुंबातली, मुलगा पुण्याचा. लग्नासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली. वाकडला दोघांच्या नावावर साठ लाखांचा फ्लॅट घेतला. त्यात आठ लाख तिच्या वडिलांचे, चार लाख मुलाचे आणि बाकी अठ्ठेचाळीस लाख बँकेचे. तिचे पंधरा तोळे सोने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे. मारहाण नाही, व्यसन नाही, मूलबाळही नाही. पण चौदा महिन्यांत दोघांचे सूर जुळले नाहीत आणि आता जुळणारही नाहीत, हे दोन्ही घरांना कळून चुकले आहे.

मग बैठक बसते. मुलीचे काका म्हणतात, ‘अर्धा फ्लॅट आणि जन्मभराची पोटगी घेतल्याशिवाय सोडायचे नाही.’ मुलाची आई म्हणते, ‘चौदा महिन्यांत तिने काय कमावले? एक पैसाही मिळणार नाही.’ दोघेही तावातावाने बोलतात आणि कायद्याच्या दृष्टीने दोघेही चुकीचे असतात.

अर्ध्या वाट्याचा गैरसमज

चित्रपट आणि परदेशातल्या बातम्या पाहून अनेकांना वाटते की घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोला मिळते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे तसे नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार नवऱ्याची मालमत्ता नवऱ्याची आणि बायकोची बायकोची. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून मिळालेल्या सामायिक वस्तूंबद्दल न्यायालय कलम २७ खाली आदेश देऊ शकते. याच्या पलीकडे ‘संसारात मिळवले ते निम्मे-निम्मे’ असा नियम या कायद्यात नाही.

तसा प्रयत्न झाला होता. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत संमतही झाले. पण लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले.

याला ठळक अपवाद आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र मानली जाते आणि लग्न मोडल्यास सर्वसाधारणपणे तिचे दोन समान भाग होतात. म्हणूनच गोव्यातल्या मावशीचा अनुभव पुण्यातल्या भाचीला लागू पडत नाही.

तिचे ते तिचेच

मात्र ‘चौदा महिन्यांत तिने काय कमावले?’ हा प्रश्नही गैरलागू आहे. माहेरून, सासरहून, मित्रमैत्रिणींकडून लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला मिळालेले दागिने, भांडीकुंडी, रोख रक्कम हे तिचे स्त्रीधन. लग्न चौदा दिवस टिकले काय नि चाळीस वर्षे टिकले काय, त्यावर हक्क तिचाच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले की स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वस्त असतात. मागूनही परत दिले नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो.

अडचण हक्काची नसते, पुराव्याची असते. सासूबाई म्हणतात, ‘पाटल्या आम्ही घातल्या होत्या, त्या नुसत्या मिरवायला.’ आई म्हणते, ‘तोडे आमचेच.’ अशा वेळी सराफाची बिले, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, लॉकरच्या नोंदी, दागिन्यांविषयी झालेले मोबाइलवरचे संदेश हेच कामी येतात.

आपल्याकडे जुन्या काळी लग्नाच्या ‘याद्या’ होत. देण्याघेण्याचे सारे कागदावर उतरे आणि दोन्हीकडचे वडीलधारे त्यावर सही करीत. हुंड्याच्या अपेक्षा त्यातच लपलेल्या असत, म्हणून ती प्रथा बदनाम झाली. पण कायद्याने १९८५ च्या नियमांत वेगळीच यादी सांगितली आहे. वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची नोंद, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून त्यावर वधूवरांनी सही करायची. ही यादी करणारी घरे आजही विरळाच. ‘आत्ताच अविश्वास कशाला?’ म्हणून ज्यांनी ती टाळली, त्यांनाच पुढे अल्बममधले फोटो भिंगाखाली धरून पाटल्या मोजाव्या लागतात.

हॉल, जेवणावळी, बँडबाजा यांवर झालेला खर्च ‘परत द्या’ असा आग्रह बैठकीत हमखास होतो. त्याच्या परताव्याची स्वतंत्र तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. तडजोडीत दोन्ही बाजूंनी मान्य केले तरच तो मिळतो.

फ्लॅट दोघांचा, कर्जही दोघांचे

आता वाकडच्या फ्लॅटकडे वळू. खरेदीखतावर दोघांची नावे आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे तत्त्व असे की वेगळा करार नसेल तर ज्याने जितके पैसे घातले, त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कुणी किती घातले हे दाखवता आले नाही तर हिस्से समान मानले जातात. म्हणजे वडिलांचे आठ लाख मुलीच्या खात्यातून बिल्डरकडे गेले असतील तर तो तिच्या हिश्श्याचा भक्कम पुरावा. तेच पैसे लग्नाच्या बोलण्यात मुलाच्या वडिलांच्या हातात रोख दिले असतील, तर ते सिद्ध करणे कठीण. शिवाय तो हुंडा ठरला तर देणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

फ्लॅट साठ लाखांचा, म्हणून तीस लाख आपले, असे समजणेही चुकीचे. अठ्ठेचाळीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये होतो. चौदा महिन्यांत जवळजवळ ५ लाख ८३ हजार रुपये भरले जातात. त्यातले साधारण ४ लाख ७१ हजार नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल फिटते सुमारे १ लाख १२ हजार. थोडक्यात, संसार लवकर मोडला की वाटून घेण्यासारखे फारसे उरत नाही, कारण घराचा मोठा भाग अजून बँकेचाच असतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. घटस्फोटाचा हुकूम पती-पत्नीचे नाते संपवतो, बँकेचे कर्ज नाही. मुलगी सहकर्जदार असेल तर लग्न मोडल्यावरही हप्ता थकला की नोटीस तिच्या नावाने येणार. म्हणून फ्लॅट मुलाने ठेवायचे ठरले तर त्याने तिच्या हिश्श्याची रक्कम द्यावी, तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे आणि बँकेकडून तिचे नाव कर्जातून लेखी कमी करून घ्यावे. या तीन गोष्टी बरोबरीने व्हाव्यात. पैसे मिळण्याआधी हक्कसोडपत्र करून देणाऱ्या मुलीच्या हाती नुसते आश्वासन उरते.

पोटगी किती, कधीपर्यंत?

खटला चालू असताना अंतरिम पोटगी कलम २४ खाली मागता येते, निकालाबरोबर किंवा त्यानंतरची कायमस्वरूपी पोटगी कलम २५ खाली. या दोन्ही कलमांनुसार गरजू नवराही बायकोकडे पोटगी मागू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. याशिवाय पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. २००१ पर्यंत या कलमाखाली महिन्याला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. आता अशी मर्यादा नाही.

रक्कम ठरवण्याचे एकच गणित नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम योग्य मानली होती, पण तो सर्वांना लागू होणारा नियम नव्हे. दोघांचे उत्पन्न, जबाबदाऱ्या, राहणीमान, शिक्षण, वय, नोकरी कुणी कशासाठी सोडली हे सारे पाहिले जाते. ४ नोव्हेंबर २०२० च्या महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. त्याच निकालात लग्न किती काळ टिकले याचाही विचार व्हावा असे म्हटले आहे. अनेक लग्ने फार टिकत नाहीत अशा काळात प्रत्येक वेळी आयुष्यभराची पोटगी न्याय्य ठरणार नाही, असा त्याचा रोख आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की पोटगी ही पती-पत्नीची श्रीमंती सारखी करण्यासाठी नसते. जुलै २०२५ मध्ये तर अठरा महिन्यांच्या संसारानंतर मुंबईतला फ्लॅट, १२ कोटी रुपये आणि महागडी मोटार मागणाऱ्या उच्चशिक्षित पत्नीला, तुम्ही शिकलेल्या आहात, स्वतः कमवायला हवे, असे न्यायालयाने सुनावले.

याचा अर्थ शिकलेल्या मुलीला काहीच मिळत नाही असा नाही. कमावण्याची पात्रता असणे वेगळे आणि प्रत्यक्ष कमाई असणे वेगळे, हेही सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलीने लग्नासाठी इंदूरची नोकरी सोडली. ती पुन्हा मिळेपर्यंत, बी.एड.सारखे एखादे शिक्षण पूर्ण होईपर्यंत लागणारा आधार ती नक्कीच मागू शकते. अल्पकाळाच्या लग्नात पोटगीचे खरे काम हेच, पुन्हा पायावर उभे राहण्यापुरती साथ. पुनर्विवाह झाल्यास मासिक पोटगी बंद किंवा कमी होऊ शकते. म्हणून तरुण जोडपी बहुधा एकरकमी रक्कम ठरवून मोकळी होतात.

मधले अवघड वर्ष

लग्नाला एक वर्ष होण्याआधी, असाधारण हालअपेष्टा असल्याशिवाय, घटस्फोटाचा अर्ज दाखल होत नाही. परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल तर अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. आपल्या जोडप्याच्या लग्नाला चौदा महिने झाले, पण वेगळे राहून दोनच. म्हणजे अजून दहा महिने थांबणे आले. अर्जानंतर सहा महिन्यांचा विचारकाळ असतो. मात्र २०१७ च्या निकालानुसार योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकते. मुलीला पुण्याला खेटे घालण्याचीही गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नी सध्या राहत असेल तिथे अर्ज करू शकते.

या मधल्या काळातच चुका होतात. घरातले कुणीतरी सुचवते, ‘आम्ही संमतीने वेगळे राहतो, असे लिहून देऊन टाका.’ पण परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला कलम १४४ खाली पोटगी मिळत नाही. त्यामुळे अशा कागदावर सही करायचीच असेल तर दरमहा खर्च, हप्ते आणि दागिन्यांची परतफेड यांची नोंद त्यातच हवी, आणि तो कागद वकिलांना दाखवून मगच सही करावी. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

सही करण्यापूर्वी

० स्त्रीधनाची यादी वजनासह करा. वस्तू परत घेताना पोचपावती द्या.

० बँकेची खातेपुस्तके, पगाराच्या पावत्या आणि फ्लॅटच्या कागदांच्या प्रती जपून ठेवा.

० सामायिक खाती, क्रेडिट कार्ड, विम्याचे वारसनाव यांची वेळीच व्यवस्था लावा.

० ठरलेली रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या हप्त्यात मिळणार हे संमतिपत्रात लिहा. शेवटचा हप्ता अंतिम सुनावणीच्या दिवशी न्यायालयासमोरच घ्या.

० मूल असेल तर त्याच्या पोटगीचा हक्क आईबापांना तडजोडीत सोडून देता येत नाही.

कौटुंबिक न्यायालयात खटल्याआधी समुपदेशकाकडे पाठवले जाते. तिथे संसार जुळला तर आनंदच. नाही जुळला, तरी दोघांनी समोरासमोर बसून आपापला हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर पुढची कितीतरी वर्षे वाचतात. काकांचा अर्धा फ्लॅट आणि सासूबाईंचा ‘एक पैसाही नाही’ यांच्या मधे कुठेतरी न्याय्य आकडा असतो. पंधरा तोळे सोने, आठ लाख रुपये आणि पुन्हा नोकरीला लागेपर्यंतचा खर्च. त्या मुलीचे मागणे एवढेच असेल तर ते सिद्ध करता येते आणि मिळतेही. त्याच्या दुप्पट मागून पाच वर्षे तारखा घेत बसायचे की वर्षा-दीड वर्षात मोकळे होऊन शाळेच्या वर्गात पुन्हा उभे राहायचे, हे मात्र काकांनी नव्हे, तिने स्वतःच ठरवायला हवे.